पुंगळी, गोळी आणि काडतूस : सातारा-सांगलीच्या पत्रकारांना एक खुले पत्र

प्रति,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील वृत्तपत्रांचे संपादक, उपसंपादक, तालुका वार्ताहर आणि स्थानिक वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधी यांस,

विषय : अग्निशस्त्रांच्या बातम्यांत होणारा शब्दांचा घोळ

सप्रेम नमस्कार.

मी लष्करातून निवृत्त झालेला आर्मरर आहे. पलटणीतील शस्त्रे जिथे कुलपात ठेवतात, त्या खोलीला फौजेत ‘कोत’ म्हणतात. माझी बावीस वर्षे त्या कोतीत आणि तिच्या शेजारच्या दुरुस्तीच्या बाकावर गेली. रायफल, कार्बाइन, मशीनगन, पिस्तूल यांचे सुटे भाग खोलायचे, झिजलेले बदलायचे, तेल-चिंधी करायची, पुन्हा जोडायचे आणि नंबर पडताळून परत द्यायचे, हेच काम. मी लेखक नाही, भाषेचा अभ्यासक तर मुळीच नाही. पण रोज सकाळी पोवई नाक्यावर चहाच्या टपरीवर आम्ही चार-पाच निवृत्त माणसे जमतो, पेपर एकमेकांकडे फिरतात आणि कुठे गोळीबाराची किंवा शस्त्र सापडल्याची बातमी असली की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. “तुम्ही सांगा, नक्की काय होतं?” या प्रश्नाला मला बहुतेक वेळा उत्तर देता येत नाही. बातमी वाचून उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग सांगतो. जिल्ह्यातील एका ढाब्यावर भांडण झाले, एकाने शस्त्र काढले आणि दोन वेळा चालवले. सुदैवाने कोणी दगावले नाही. दुसऱ्या दिवशी टपरीवर तीन वर्तमानपत्रे होती. एकात ‘रिव्हॉल्व्हरमधून दोन राऊंड फायर’, दुसऱ्यात ‘पिस्तुलातून गोळीबार’ आणि तिसऱ्यात ‘गावठी कट्ट्यातून दोन गोळ्या झाडल्या’ असे छापले होते. तिसऱ्याने खाली असेही लिहिले होते की, आरोपीकडून कट्टा, मॅगझीन आणि तीन जिवंत काडतुसे हस्तगत करण्यात आली असून घटनास्थळी दोन गोळ्या मिळाल्या आहेत. घटना एक, आरोपी एक, शस्त्रही एकच. आणि तरीही तिन्ही बातम्यांतील शस्त्रे एकमेकांपासून इतकी वेगळी की बैल, घोडा आणि रेडा एकाच नावाने हाकावेत तसे झाले.

हे तीन शब्द एकमेकांच्या जागी चालतात असा समज आहे, तो आधी बाजूला सारतो. रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या मागे एक गोल, जाडसर चक्र असते. त्याला पाच किंवा सहा घरे असतात, प्रत्येक घरात एक काडतूस बसते आणि घोडा मागे जाताना ते चक्र एका घराने पुढे सरकते. ‘रिव्हॉल्व्ह’ म्हणजे फिरणे, नाव त्यावरूनच आले. सॅम्युअल कोल्टने अमेरिकेत १८३६ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, ते हेच फिरते चक्र. आजच्या अर्थाने ज्याला आपण पिस्तूल म्हणतो, त्यात असे चक्र नसते. त्याची काडतुसे मुठीच्या पोकळीत, एका चपट्या डबीत एकावर एक रचलेली असतात. ती डबी म्हणजे मॅगझीन. गोळी सुटली की धक्क्याने वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकलतो. कट्टा या दोहोंपैकी काहीच नाही. साध्या लोखंडी नळीला मूठ आणि घोडा लावलेला असतो. नळी मोडून म्हणजे वाकवून उघडायची, एक काडतूस घालायचे, मिटायचे, एकदा उडवायचे आणि पुन्हा उघडून रिकामी पुंगळी हाताने, अनेकदा काडीने ढोसून, काढायची. त्याला मॅगझीन असण्याचा प्रश्नच येत नाही. ‘मॅगझीनसह कट्टा’ ही वस्तू मी कुठे पाहिलेली नाही. जे पाहिले, ते चोरटेपणाने घरगुती कारखान्यात बनवलेले पिस्तूल होते. त्याला मॅगझीन असते आणि त्याला ‘गावठी बनावटीचे पिस्तूल’ म्हणावे. ‘गावठी’ हा शब्द बनावट सांगतो, ‘कट्टा’ हा शब्द रचना सांगतो. आपल्याकडे दोन्ही शब्द एकमेकांना इतके चिकटले आहेत की गावठी म्हटले की कट्टा आलाच.

यात एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. इंग्रजीतही पूर्वी हातात मावणाऱ्या प्रत्येक लहान शस्त्राला पिस्तूल म्हणत आणि कोल्टचे पहिले रिव्हॉल्व्हरसुद्धा ‘फिरते पिस्तूल’ म्हणूनच ओळखले जाई. त्यामुळे रिव्हॉल्व्हरला कोणी पिस्तूल म्हटले, तर मी फार मनाला लावून घेणार नाही. पण पिस्तुलाला रिव्हॉल्व्हर म्हटले, तर वाचकाला चुकीचे चित्र दिसते, आणि ते चित्र पुढे तपासापर्यंत जाते. कसे ते सांगतो.

पिस्तूल झाडले की पुंगळी आपोआप बाहेर उडते आणि चार-सहा फुटांवर कुठेतरी पडते. रिव्हॉल्व्हर झाडले की पुंगळी चक्रातच राहते. चक्र उघडून ती हाताने काढेपर्यंत बाहेर येत नाही. म्हणजे गोळीबाराच्या जागी दोन पुंगळ्या पडलेल्या असतील, तर ते शस्त्र बहुधा पिस्तूल असले पाहिजे, किंवा झाडणाऱ्याने तिथेच उभे राहून रिव्हॉल्व्हर रिकामे करण्याइतका वेळ काढला असला पाहिजे. ‘रिव्हॉल्व्हरमधून गोळीबार, घटनास्थळी दोन पुंगळ्या’ अशी बातमी म्हणूनच मला पेचात टाकते. बातमी चुकली आहे, की पंचनामा चुकला आहे, की खरेच तसे घडले आहे? आरोपीचा वकील हाच प्रश्न न्यायालयात विचारेल.

आता ‘घटनास्थळी दोन गोळ्या मिळाल्या’ या वाक्याकडे वळतो, कारण माझ्या मते सर्वांत जास्त घोळ इथेच आहे. काडतूस म्हणजे चार वस्तूंचे एक बांधलेले गाठोडे. बाहेरचे पितळी नळकांडे म्हणजे पुंगळी. फौजेत आम्ही तिला ‘खोका’ म्हणत असू. पुंगळीच्या बुडाशी, मधोमध, एक बारीक टोपी असते, तिच्यावर घोड्याची किंवा पिनेची टोच बसली की ठिणगी पडते. पुंगळीच्या पोटात दारू असते. आणि तोंडाशी घट्ट बसवलेले शिशाचे किंवा तांब्याचे कवच चढवलेले टोक असते, ते म्हणजे गोळी. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. पुंगळी मागे राहते. तेव्हा ‘दोन गोळ्या मिळाल्या’ याचे तीन अर्थ होऊ शकतात : भिंतीत किंवा मातीत रुतलेली, चेपलेली दोन टोके मिळाली, किंवा दोन रिकाम्या पुंगळ्या मिळाल्या, किंवा न झाडलेली दोन अख्खी काडतुसे मिळाली. पहिल्या दोन अर्थांत शस्त्र चालले आहे, तिसऱ्या अर्थात ते चाललेच नाही. एकाच वाक्यात गुन्हा घडला आणि गुन्हा घडला नाही, या दोन्ही शक्यता राहतात, आणि वाचक मात्र आपल्या मनाला येईल ती उचलतो.

तपासासाठीही हा फरक मोठा आहे. पिनेची टोच पुंगळीच्या टोपीवर खूण सोडते, पुंगळी बाहेर ओढणारा आकडा तिच्या काठावर ओरखडा सोडतो आणि नळीच्या आतील पिळदार खाचा गोळीच्या अंगावर रेघा उठवतात. मुंबईत कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जप्त शस्त्रातून चाचणीची गोळी झाडून या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या जातात. पुंगळी एक गोष्ट सांगते, गोळी दुसरी सांगते. दोन्हींना ‘गोळी’ म्हटले, तर यांपैकी कोणता पुरावा हाती आहे हेच कळत नाही.

या बाबतीत मराठीकडे शब्दांची वाण नाही. काडतूस, गोळी, पुंगळी, छर्रा, बार, फैर, चाप, घोडा, नळी, दस्ता हे सगळे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी होते. घोडा म्हणजे मागून येऊन टोपीवर आपटणारा भाग. चाप म्हणजे बोटाने ओढायचा भाग. घोडा चढवतात आणि चाप ओढतात. आता मात्र ‘घोडा दाबला’ असे छापून येते, आणि मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर अख्ख्या शस्त्रालाच घोडा म्हणतात. ते तिथे शोभून दिसते; बातमीत नको. भाषा शब्दांचे अर्थ बदलते हे मला मान्य आहे. एकेकाळी तोफ डागणारा तो गोलंदाज होता, आज गोलंदाज वानखेडेवर चेंडू टाकतो, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही, कारण त्यात कोणाला अटक होत नाही.

फैरीचा विषय निघालाच आहे, तर आपल्या जिल्ह्यात दुर्दैवाने वारंवार येणाऱ्या एका प्रसंगाबद्दल बोलतो. अपशिंगे मिलिटरीपासून कोरेगाव, खटाव, पाटणपर्यंत इथल्या कितीतरी गावांनी फौजेला माणसे दिली आहेत, आणि त्यांतील काही तिरंग्यात लपेटून परत येतात. मी अशा अनेक अंत्यविधींना गेलो आहे. दोन वर्षांपूर्वीच्या एका अंत्यविधीत माझ्या शेजारी एक तरुण वार्ताहर उभा होता. नदीकाठी चिखल होता, जवानांचे बूट घोट्यापर्यंत रुतले होते, आणि हुकूम सुटताच त्यांनी रायफली वर करून तीन वेळा एकसाथ झाडल्या. पहिल्या आवाजाला पिंपळावरचे सगळे कावळे उठले. दुसऱ्या वेळी मात्र कोणी हलले नाही. वार्ताहराने मला हळूच विचारले, “किती गोळ्या झाडल्या?” मी सांगितले, “एकही नाही.” तो चकित झाला. मानवंदनेची काडतुसे रिकाम्या तोंडाची असतात : पुंगळी असते, दारू असते, आवाज होतो, पण तोंडाशी गोळी नसते, तिथे पितळ चिमटून बंद केलेले असते. दुसऱ्या दिवशी त्याच्या बातमीत ‘हवेत गोळ्या झाडून मानवंदना’ हेच आले. कदाचित त्याने नीट लिहिले असेल आणि टेबलावर कोणी बदलले असेल. दुसऱ्या एका बातमीत ‘एकवीस तोफांची सलामी’ होती. तोफ तिथे एकही नव्हती. ‘बंदुकीच्या तीन फैरी झाडून मानवंदना’ हे वाक्य मराठीत कित्येक वर्षांपासून तयार आहे, अचूक आहे आणि कानालाही भारदस्त लागते. ‘फैर’ हा शब्द मुळात इंग्रजी ‘फायर’वरूनच आलेला असला, तरी आता तो आपला आहे. तो वापरावा, एवढेच माझे म्हणणे.

आकड्यांचा गोंधळ हा वेगळाच प्रकार आहे, आणि त्यात चूक सर्वस्वी पत्रकारांची नाही. शस्त्रे बनवणाऱ्यांनीच तो करून ठेवला आहे. आपल्याकडे खेड्यात ‘बाराबोर’ हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. पण बारा कसले? बारा मिलिमीटर नव्हे आणि बारा सूतही नव्हे. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यांतील एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल, ती नळी बारा बोअरची. असा एक गोळा सुमारे ३८ ग्रॅमचा होतो आणि नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. त्यामुळे सोळा बोअरची नळी बारा बोअरपेक्षा लहान असते, कारण त्याच पौंडाचे सोळा गोळे करायचे आहेत. ही मापे छर्ऱ्यांच्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकांची. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलाचे माप वेगळ्या रीतीने, इंचाच्या भागात सांगतात. कानपूरच्या सरकारी कारखान्यातून परवानाधारकांना मिळणारे रिव्हॉल्व्हर ०.३२ इंचाचे असते, म्हणजे सुमारे आठ मिलिमीटर. बातमीत त्याचे ‘३२ बोअर’ होते. खऱ्या अर्थाने बत्तीस बोअर म्हणजे पौंडाचे बत्तीस गोळे, व्यास १३ मिलिमीटरहून अधिक. तरीही ‘३२ बोअर’ आता पोलिसांच्या, दुकानदारांच्या आणि परवान्याच्या बोलीतही इतके मुरले आहे की मी त्याच्याशी भांडत नाही. भांडण आहे ते ‘३२ एमएमचे पिस्तूल’ या प्रकाराशी, जो मी एकदा नव्हे, तीनदा वाचला आहे. पायदळाला युद्धभूमीवर नेणाऱ्या बीएमपी-२ या चिलखती गाडीवरची तोफ ३० मिलिमीटरची आहे. तिच्याहून मोठ्या नळीचे पिस्तूल कमरेला लावून फिरणारा आरोपी पकडला असेल, तर त्या पोलीस पथकाला शौर्यपदक मिळाले पाहिजे.

त्यातही एक खुबी आहे. ०.३२ चे रिव्हॉल्व्हर आणि ०.३२ चे पिस्तूल यांची काडतुसे एकमेकांना चालत नाहीत. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब असते आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली स्पष्ट कड असते, जिच्यामुळे ते चक्राच्या घरात अडून राहते. पिस्तुलाचे आखूड असते, त्याची कड जेमतेम असते, आणि त्याला मिलिमीटरमध्ये ७.६५ म्हणतात. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात दोन्ही बनत आली आहेत, आणि त्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात. ती खडकीच्या कारखान्याची, काडतुसाच्या मालकाची नव्हेत. ‘केएफ कंपनीचे पिस्तूल’ असे लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पंचनाम्यात ‘बुडावर ७.६५ लिहिलेले’ असेल, तर ते पिस्तुलाचे काडतूस आहे, आणि त्याच पंचनाम्यात शेजारी रिव्हॉल्व्हर असेल, तर दोघांची गाठ कशी पडली हा चांगला बातमीदार विचारील असा प्रश्न आहे. तसेच नळीवर ‘मेड इन यूएसए’ कोरलेले आहे म्हणून शस्त्र ‘विदेशी बनावटीचे’ ठरत नाही. चोरट्या कारखान्यांतून अशी अक्षरे सर्रास कोरतात; गिऱ्हाईक खूश होते आणि भाव वाढतो. आपण मथळ्यात ‘अमेरिकन पिस्तूल जप्त’ असे छापले की त्या कारागिराची फुकट जाहिरात होते.

पाटण तालुक्यातील माझ्या एका स्नेह्यांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक आहे. डोंगरउतारावर भात आणि नाचणी, रात्री रानडुकरे. ती बंदूक भरताना मी कितीदा तरी पाहिली आहे. दस्ता, म्हणजे बंदुकीचा मागचा लाकडी भाग, जमिनीला टेकवायचा, नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, वरून काथ्याचा बोळा, मग गजाने तीन-चार वेळा ठासायचे, हलक्या हाताने, कारण फार जोर केला तर दारू दगडासारखी बसते असे ते म्हणतात. त्यावर छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी मागच्या बोंडीवर केपेची, म्हणजे ठिणगी पाडणारी, टोपी. एवढे सगळे एका बारासाठी. बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक वेळा त्यांना डुकराला लागावे अशी अपेक्षाही नसते, आवाज झाला की काम होते. या बंदुकीत काडतूस हा प्रकारच नाही. आणि तरी ‘ठासणीची बंदूक व पाच जिवंत काडतुसे जप्त’ अशी वाक्ये मी वाचली आहेत. दोन्ही एकाच घरात मिळाली असतील, तर त्या घरात आणखी एक, काडतुसांची बंदूक आहे आणि ती अजून सापडलेली नाही. म्हणजे खरी बातमी तीच आहे आणि ती हातची गेली.

छर्ऱ्यांबद्दलही एक सूचना. बारा बोअरच्या एका काडतुसात मोठ्या दाण्यांचे छर्रे बोटांवर मोजण्याइतके, तर बारीक दाण्यांचे शे-दोनशेही असतात. ‘अंगात १४ गोळ्या घुसल्या’ हे वाक्य वाचून डोळ्यांपुढे चौदा वेळा झाडलेले शस्त्र येते. प्रत्यक्षात तो एक बार आणि चौदा छर्रे असू शकतात. गावात सूडाची भाषा सुरू व्हायला एवढा फरक पुरतो.

याच स्नेह्यांच्या बाबतीत घडलेली गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगतो. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितले जाते. त्यांनीही आपली बंदूक पोत्यात गुंडाळून, एसटीने जाऊन, रीतसर पावती घेऊन जमा केली. त्यांच्यासारख्या आणखी काही शेतकऱ्यांनीही केली. चार दिवसांनी एका वर्तमानपत्रात ‘डोंगरी भागातून शस्त्रसाठा जप्त’ असा मथळा आला आणि खाली गावाचे नाव. त्यांच्या मुलीच्या सासरहून फोन आला, मुंबईत असलेल्या भावाचा आला, आणि सोसायटीच्या चेअरमनांनी तर भर पारावर चौकशी केली. ‘जमा’ आणि ‘जप्त’ या दोन शब्दांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘साठा’ तर दूरच. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनपेक्षा जास्त अग्निशस्त्रे ठेवताच येत नाहीत, त्याआधी तीन ठेवता येत. खुलासा दुसऱ्या आठवड्यात आतल्या पानावर चार ओळींत आला. पावती त्यांनी अजून खिशात ठेवली आहे.

कायद्याचा उल्लेख आला म्हणून लगेच दोन गोष्टी. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा आहे. ‘भारतीय शस्त्र कायदा’ हे नाव इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्याचे होते. ही चूक किरकोळ आहे, सोडून दिली तरी चालेल. पण कलम ४ आणि कलम ३ यांची सरमिसळ सोडून देण्यासारखी नाही. कोयता, तलवार, सुरा यांच्या प्रकरणांत ४/२५ (म्हणजे कलम ४ आणि शिक्षेचे कलम २५) लागते, अग्निशस्त्रांच्या प्रकरणांत ३/२५. ‘शस्त्र अधिनियमान्वये गुन्हा’ एवढेच वाचून वाचक पिस्तूल समजतो, आणि निघतो कोयता.

यापेक्षाही जड शब्द म्हणजे ‘स्वयंचलित’. पोलीस पत्रकातून किंवा बातमीदाराच्या उत्साहातून तो साध्या पिस्तुलाला सर्रास चिकटतो. पिस्तूल नवे काडतूस आपोआप भरून घेते, पण प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावा लागतो. खरे स्वयंचलित शस्त्र ते, ज्याचा चाप दाबून धरला की तो सोडेपर्यंत किंवा मॅगझीन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात. अधिनियमाने नेमकी हीच व्याख्या करून अशी शस्त्रे प्रतिबंधित ठरवली आहेत आणि ती जवळ बाळगल्याची शिक्षा साध्या विनापरवाना शस्त्रापेक्षा कितीतरी कडक आहे. म्हणजे ‘स्वयंचलित’ हे विशेषण लावताना आपण आरोपीवर अधिक गंभीर गुन्हा छापत असतो. पिस्तुलाच्या काही काडतुसांच्या नावातच कारखानदारांनी ‘ऑटोमॅटिक’ शब्द घातला आहे, हे खरे. गोंधळाचे मूळ तिथे आहे. पण ते नाव शंभर वर्षांहून जुने आहे आणि आपला कायदा १९५९ चा.

हा फरक किती मोठा आहे ते आपल्या जिल्ह्याला कोणी सांगायला नको. जावळी तालुक्यातील केडंब्याचे तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर उभे होते, तेव्हा त्यांच्या हातात लाठी होती आणि समोरच्याच्या हातात एके-४७ जातीची रायफल. तिच्या मॅगझीनमध्ये तीस काडतुसे मावतात आणि चाप दाबून धरला तर ती तीन सेकंदांत संपतात. ओंबळेंनी त्या रायफलीची नळी हातांनी धरली आणि गोळ्या लागल्या तरी सोडली नाही, म्हणून तो अतिरेकी जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. त्यांच्याविषयीच्या एका लेखात ‘दहशतवाद्याचे पिस्तूल हिसकावताना’ असे वाक्य मी वाचले, तेव्हा पेपर खाली ठेवला. कोणत्या शस्त्राची नळी धरली हे चुकीचे लिहिले, तर त्या माणसाने काय केले हेच चुकीचे लिहिल्यासारखे आहे.

मी तुमच्याकडून शस्त्रांची पुस्तके पाठ करण्याची अपेक्षा करत नाही. रात्री साडेनऊला पोलिसांचे पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर येते, दहाला पान सुटायचे असते, आणि पत्रकातच ‘एक गावठी बनावटीचा कट्टा (पिस्टल) मॅगझीनसह’ लिहिलेले असते, तेव्हा वार्ताहराने काय करावे, हे मलाही समजते. माझी विनंती इतकीच की खात्री नसेल तेव्हा मोठा, ढोबळ शब्द वापरा. ‘अग्निशस्त्र’ हा कायद्यातला शब्द आहे, तो जड वाटला तर ‘बंदूक’ म्हणा, ‘हातातील लहान शस्त्र’ म्हणा. ढोबळ शब्दाने वाचकाचे काही बिघडत नाही. बिघडते ते चुकीच्या बारकाईने, कारण बारकाई दिसली की वाचक विश्वास ठेवतो. आणि थोडा वेळ असेल तर ठाण्यात फोन करून तीनच गोष्टी विचारा : शस्त्राला चक्र आहे, मॅगझीन आहे की काहीच नाही, मिळालेल्या वस्तू अख्खी काडतुसे आहेत, रिकाम्या पुंगळ्या आहेत की नुसत्या गोळ्या, आणि काडतुसाच्या बुडावर काय कोरलेले आहे. समोरच्या हवालदाराला उत्तर येत नसेल, तर पोलीस मुख्यालयातील शस्त्रागारात आर्मरर असतो, त्याला नक्की येईल. आम्हा लोकांना कोणी विचारत नाही, म्हणून आम्ही सांगत नाही.

छायाचित्राबद्दलही. कट्ट्याच्या बातमीवर इंटरनेटवरचे चकचकीत परदेशी पिस्तूल लावू नका. पोलिसांनी टेबलावर मांडलेल्या मुद्देमालाचा फोटो नसेल, तर फोटोविना बातमी चालते. आणि खेळाच्या पानावर ‘शूटर’ऐवजी ‘नेमबाज’ लिहा. माझी पुतणी सांगलीत एअर रायफलचा सराव करते. ०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी जोराच्या त्या हवेच्या रायफलीला परवानाही लागत नाही. तिच्या स्पर्धेच्या बातमीचा मथळा ‘सांगलीची शार्प शूटर’ असा होता, आणि त्याच पानावर खाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, कुठल्याशा टोळीचा ‘शार्प शूटर’ गजाआड झाला होता. तिच्या आजीने ते कात्रण कापताना खालची बातमी काळजीपूर्वक वेगळी केली आणि चुलीत घातली.

निवडणुका पुन्हा येतील आणि पाटणचे ते गृहस्थ पुन्हा पोते बांधून एसटीत बसतील. त्या आठवड्याच्या बातमीत ‘जमा’ हा शब्द यावा, अशी त्यांची आणि माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त आर्मरर हवालदार,
सातारा